पट्टीवरचं नाव

९ सप्टेंबर, मंगळवार

आधी या वहीची माफी मागतो. गीतांजलीनं ती पाडव्याला हातात दिली तेव्हा म्हणाली होती, "आबा, तुमच्या डोक्यात दिवसभर जे घुमत राहते ना, ते याच्यात टाकत जा. आजीचे कान वाचतीन." पाच महिने उलटून गेले, वही कोरीच राहिली. लिहिता येत नाही असं नाही. सातवी पास आहे, सेवा मंडळाच्या बैठकांचं टिपण दोन वर्षं मीच लिहीत होतो. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट लिहावी लागेल हे माहीत होतं, आणि तीच लिहायची नव्हती. आज लिहितो, कारण सांगायला कोणी नाही.

गीतांजली म्हणजे माझ्या मुलाची, गोपालची मुलगी. ते लोक अकोल्याला राहतात. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली. जुलैमध्ये एका मोठ्या सरकारी खात्यात तिची निवड झाली. खात्याचं नाव इथं लिहीत नाही. "आबा, कोणाले सांगू नका हं, ते लोक लय चौकशी करतात," असं तिनं बजावलं आहे. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त माझ्याबरोबर फुलं लावणाऱ्या शालिकरामला सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं, आणि मोझरीच्या चहावाल्यानं स्वतःहून विचारलं म्हणून त्याला. नेमणुकीचं पत्र मात्र अजून यायचं आहे. आधी पडताळणी. पोलीस येणार, वरचे साहेब येणार, गावात विचारपूस होणार. माणूस चोख आहे असा शेरा पडला की मगच पत्र.

आणि तिच्या नावाचे आयकर खात्याचे दोन लिफाफे माझ्या लोखंडी पेटीत तळाला पडले आहेत. एक जानेवारीत आला, एक जूनमध्ये. पोस्टमनच्या कागदावर दोन्ही वेळा सही माझी. घरात कोणाला माहीत नाही.

१० सप्टेंबर

हे कसं झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे मलाच कळेल.

शेताकडे जाणाऱ्या आमच्या पांदणीवर अकरा जण झेंडू-शेवंती लावतात. अकराही जणांच्या फुलांचे क्रेट एकाच टेम्पोतून अमरावतीला जातात. अडत्याला अकरा पट्ट्या फाडायला वेळ नसतो, म्हणून विक्रीची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, एकाच नावानं निघते आणि पैसे आम्ही गावात आल्यावर पारावर वाटून घेतो. माझ्या बापाच्या वेळेपासून हीच रीत. पूर्वी पट्टीवर नाव माझं असे आणि पैसे रोख मिळत. तीन वर्षांमागे अडत्या म्हणाला, आता रोख बंद, खातं सांगा. आमची खाती जुनी, कोणाचं पुस्तक उंदरानं खाल्लेलं, कोणाचा अंगठा मशीनवर उठत नाही. गीतांजलीचं खातं मोझरीच्या बँकेत नवंनवं निघालं होतं. पॅन कार्डही होतं, पत्ता आमच्या गावचा. शालिकराम म्हणाला, "पोट्टीचा हात चांगला हाय, तिच्याच नावानं काढा पट्टी." आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. तिला फोनवर सांगितलं. ती तेव्हा परीक्षेत होती, "हो आबा, घ्या ना" म्हणाली. खात्याचं कार्ड माझ्याकडेच होतं.

दोन वर्षं अकरा घरांचा पैसा पोरीच्या नावावरून गेला. तिचा त्यात एक रुपया नव्हता. मागच्या वर्षी माझं नवं खातं निघालं, मग तिच्या नावानं पट्टी काढणं बंद केलं.

जानेवारीच्या लिफाफ्यात विचारलं होतं की एवढे पैसे कुठून आले, विवरण का भरलं नाही. मला वाटलं, शेतकऱ्याला कर नसतो, तेव्हा चूक त्यांचीच. आणि सरकारी कागदाला उत्तर दिलं की माणूस त्यांच्या नजरेत येतो, गप्प राहिलं की कागद जुना होतो. असं मी उगीच म्हणत नाही, तलाठ्याच्या बाबतीत दोनदा असं झालं आहे. जूनचा लिफाफा मी दोनदा वाचला. उत्तर आलं नाही म्हणून सगळा पैसा त्यांनी तिचीच कमाई धरला. तीन लाख बारा हजार भरा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी गीतांजलीचा फोन.

"आबा, माह्या नावानं गावात काही टपाल आलं होतं काय?"

"कायचं टपाल?"

"कायचंही. सरकारी."

"नाई बा. लग्नाच्या पत्रिका येतात फक्त. तुह्यासाठी एखादं स्थळ पाहू का त्याच्यात?"

एरवी ती अशा बोलण्यावर मला दोन शब्द सुनावते. आज हसलीही नाही. "नीट आठवून पाहा आबा. घाई नाही. मी पुन्हा करते फोन."

नेमणुकीचं पत्र चुकून गावच्या पत्त्यावर गेलं का, हे विचारत असावी. बिचारीला घोर लागला आहे. माझ्या तोंडून "नाही" इतक्या पटकन कसं निघालं ते मलाच कळलं नाही.

१९ सप्टेंबर

पेटी उघडून लिफाफे पाहिले. आतले कागद उलटे लावलेले होते, शेवटचं पान वर. मीच घाईत तसे ठेवले असतील. हल्ली हातांचा भरवसा नाही. बायकोला, सत्यभामाला विचारलं, पेटीला हात लावला का? म्हणाली, "मले वाचता येते काय, हात लावून करू काय?" खरंच आहे.

पेटीची जागा बदलली. कोठीत तुरीच्या पोत्यामागे ठेवली.

२४ सप्टेंबर, बुधवार

आले.

नवरात्राची तोडणी चालू होती. मी झेंडूत होतो, हात हिरवे झालेले. ठाण्यातला एक शिपाई आणि अमरावतीचे एक साहेब. साहेब साध्या कपड्यात, चाळिशीचे, बोलणं हळू. आधी शेजारी विचारलं, मग ग्रामपंचायतीत, मग आमच्या ओसरीवर बसले. मुलगी कशी, कोणाकडे येणं-जाणं, घरात कोणावर गुन्हा आहे का. मी धडाधडा उत्तरं दिली. मग म्हणाले, "तिच्यावर काही देणं? बँकेचं, खासगी? एखादी सरकारी नोटीस, कराची थकबाकी?"

 सत्यभामा दारात उभी होती. तिला म्हटलं, चहा टाक. ती म्हणाली, "टाकला हाय," आणि हलली नाही.

"नाई साहेब," मी म्हणालो. "आमच्या घरात कोणी कोणाचं देणं लागत नाई."

साहेबांनी पेन थांबवलं. "नक्की, बाबा?"

"नक्की."

"विचार करून सांगा. मी लिहून घेणार आहे, खाली तुमची सही लागेल."

"लिवा."

तरी ते थांबलेच. चहा पूर्ण प्यायले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. स्वभावानं सावकाश असावेत. मी सही केली. जाताना गाडीत एक क्रेट झेंडू ठेवायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या. नाहीतर हेही लिहावं लागेल."

शिपायानं मात्र दोन फुलं घेतली, टोपीत ठेवली.

ते गेल्यावर सत्यभामानं कपबशा उचलल्या. मग म्हणाली, "तुमाले तं लय सफाईनं बोलता येते जी." मी म्हटलं, पोरीसाठी बोलावं लागतं.

२७ सप्टेंबर

सकाळी कोठीच्या दारातून पाहिलं, सत्यभामा अंगणात फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी आलो तशी "हो बाई, सांगतो त्याइले" म्हणून फोन ठेवला. कोणाचा विचारलं, तर गीतांजलीचा. काय सांगायचं आहे विचारलं, तर म्हणाली, "काही नाई. कढी फुटते म्हणे तिची." बावीस-तेवीस वर्षांची पोर, तिला कढीसुद्धा जमत नाही अजून.

दुपारी तिनं मला फोन केला. तेच. "आबा, मले काही सांगायचं हाय काय तुमाले?" मी म्हटलं, साहेब येऊन गेले, सगळं छान झालं, तू काळजी करू नको.   "आबा," ती म्हणाली, "तुमी त्याइले काय सांगतलं?" मी म्हटलं, जे सांगायला पाहिजे तेच. तिनं फोन ठेवून दिला.

आनंदानं गळा भरून आला असेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. फुलाला भाव बरा होता. गीतांजली आली नाही. गोपाल एकटाच येऊन सोनं देऊन गेला. "तिचं डोकं दुखते," म्हणाला. माझ्याकडे पाहत नव्हता. तीस वर्षांत दसऱ्याला त्यानं माझ्या पायाला हात लावला नाही असं झालं नव्हतं. या वेळीही लावला, आणि तसाच चपला घालून निघाला.

 समजा पैसे भरले तर? कुठून भरायचे? आणि भरायचे म्हटले तर ते आपलेच होते असं म्हटल्यासारखं होईल. अमरावतीत कोणा जाणकाराकडे जावं तर फुलबाजार सगळा ओळखीचा, सायंकाळपर्यंत बातमी पारावर. अकोल्याला हेमचंद्र वकील आहेत. कराचंच काम करतात. मोझरीला सेवा मंडळाच्या शिबिरात आम्ही शेजारी बसत होतो, भला माणूस आहे. सोमवारी जातो. गोपालच्या घरी जाणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार. अकोला बसस्थानक

इथंच बसून लिहितो, नाहीतर विसरेन.

वकिलांनी दोन्ही लिफाफे वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेषराव, पहिला कागद जानेवारीत आला. आज ऑक्टोबर आहे."

"शेतकऱ्याले टॅक्स नसते ना साहेब?"

"शेतकऱ्याला नसतो. पण या खात्यावर शेतकरी कुठं आहे? पट्टीवर पोरीचं नाव, खातं पोरीचं. तिच्या नावावर एक गुंठा तरी जमीन आहे का?"

"नाई."

"मग सरकारला काय दिसणार? जमीन नसलेल्या कॉलेजच्या मुलीकडे लाखो रुपये."

मी पाणी मागितलं. त्यांनी स्वतः उठून आणून दिलं. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. निवड, पडताळणी, साहेब, माझी सही. त्यांनी लिफाफ्यांची घडी घालून ते माझ्यापुढे सरकवले.

"हे पाहा," ते म्हणाले. "ती ज्या खात्यात चालली आहे, तिथं गुपितं हाताळायची असतात. म्हणून ते माणसाचं देणं पाहतात, कर पाहतात. देणं थकलेल्या माणसाला कोणी परका पैसे दाखवून फितवू शकतो, ही एक भीती. आणि जो करासाठी सरकारशी लपवाछपवी करतो तो आणखी काय लपवेल, ही दुसरी. पण देणं निघालं म्हणजे दार बंद झालं, असं नसतं. स्वतःहून सांगितलं, उत्तर दिलं, अपील केलं, हप्ते बांधले, की ते ऐकून घेतात. चूक झालेली त्यांना चालते एक वेळ. दडवलेली चालत नाही."

"पण तिनं काई दडवलं नाई साहेब. तिले तं मालूमच नाई."

"तिला माहीत नाही? संगणकावर स्वतःचा पॅन टाकला की हे सगळं समोर येतं. एवढा मोठा फॉर्म भरताना तिनं एकदाही पाहिलं नसेल?"

मी म्हटलं, ती कशाला पाहील, तिचा पगारच अजून सुरू नाही. वकिलांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, अपिलाची मुदत कधीच संपली. आता उशीर का झाला याचं कारण लिहून द्यावं लागेल, आणि ते कारण तुम्ही स्वतः आहात. शिवाय अकराही जणांनी लिहून द्यावं की हा पैसा आमच्या फुलांचा, सोबत प्रत्येकाचा सातबारा. आणि अर्जावर सही गीतांजलीची. "तिला आजच सांगा," म्हणाले. "इथून दहा मिनिटांवर घर आहे ना?"

फी घेतली नाही.

मी दहा मिनिटं चालायला निघालो होतो. चौकापर्यंत गेलो. तिथून तिचा गॅलरीतला वाळत घातलेला निळा दुपट्टा दिसला आणि पाय वळले. इथं येऊन तिला फोन लावला. म्हटलं फोनवर सांगू. तिनं उचलला, "बोला आबा." एवढे दोनच शब्द. तेवढ्यात भोंग्यावर बाई ओरडली, अकोल्याहून अमरावतीला जाणारी गाडी फलाट तीनवर.

"कुठी हा तुमी?" ती म्हणाली.

"मोझरीले."

"मोझरीले."

"हो. बाजारात."

"बरं," ती म्हणाली. "जपून जा घरी."

फोन ठेवला. आता गाडी आहे.

७ ऑक्टोबर

काही नाही. ताप आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मोझरीच्या आश्रमात महाराजांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी फुलं द्यायची होती. सगळे टेम्पोपाशी जमले, तेव्हाच मी बोललो. लिफाफे दाखवले. लिहून द्या म्हणालो, प्रत्येकानं आपापला वाटा सांगा, सातबारा जोडा.

कोणी क्रेट उचलेना. मग शालिकराम बोलला.

"दादा, म्हणजे आमी लिहून द्याचं का आमाले एवढे एवढे पैसे भेटले?"

"भेटले होते ना?"

"भेटले. पण कागदावर भेटले नोते." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "पिवळं कार्ड हाय माह्यं. सालाचं धान्य त्याच्यावर येते. उद्या तहसीलात कोणी म्हणन, हा तं लखपती हाय, काढा याचं नाव. मंग? तुमची नात अफसर होईन, अन् माह्यं कार्ड जाईन?"

"तिच्या नावावर दोन साल खाल्लं ना रे तू!"

"म्या एकट्यानं खाल्लं? पट्टीवर नाव टाका म्हणून म्या सांगतलं हे खरं हाय. पण लिफाफा नऊ महिने दाबून ठेव म्हणून तं नाई सांगतलं."

मी लिफाफे पिशवीत ठेवले. बाकीचे खाली पाहत क्रेट चढवू लागले. त्यांचा रागही करता येत नाही. मी तरी काय केलं असतं? मीही भीतीपोटीच कागद दाबला.

११ ऑक्टोबर

मैनाबाई आली. आमच्या पांदणीच्या टोकाला तिचा अर्धा एकर, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. पिवळं कार्ड तिचंही आहे. पदराखालून सातबारा काढला. "कुठी अंगठा द्याचा सांग शेषरावभाऊ."

मी म्हटलं, कार्ड गेलं तर?

"गेलं तं गेलं. पोट्टीच्या नावानं विकलं आपण, अन् तिले एक वेणी तरी धाडली काय कोणी? लवकर कर, म्हैस सोडून आली मी."

तिच्या मागून आणखी तिघे आले. अकरांपैकी माझ्यासकट पाच. शालिकराम नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अमरावतीला साहेबांच्या कार्यालयात जाऊन आलो. काल रात्री ठरवलं, सत्यभामाला सांगितलं नव्हतं. सकाळी उठलो तर खुंटीवर धुतलेलं धोतर आणि इस्त्रीचा सदरा. "बाजाराले चाललो," म्हणालो. "हो, मालूम हाय," ती म्हणाली आणि पिशवीत लिफाफे ठेवून दिले. लिफाफे कोठीत कुठं होते हे तिला कसं कळलं, हे बसमध्ये बसल्यावर सुचलं.

साहेबांनी ओळखलं. बसा म्हणाले. मी उभाच राहिलो. "साहेब, म्या त्या दिवशी खोटं बोललो," आणि पुढचं सगळं एका दमात. पट्टी, अकरा घरं, लिफाफे, पेटी. पोरीचा काही दोष नाही हे तीनदा सांगितलं.

त्यांना नवल वाटलं नाही. फाईल उघडली, आतला एक कागद काढला आणि माझ्या लिफाफ्यावरचे आकडे त्या कागदाशी जुळवून पाहिले. मला दाखवला नाही.

"बाबा, त्या दिवशी हे सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? मी किती वेळ थांबलो होतो."

"चुकलं साहेब."

"तुमच्या त्या एका 'नाही'मुळे फाईल तीन आठवडे अडकली आहे."

दुसरा जबाब लिहून घेतला. मी सही केली. "आता?" मी विचारलं. "आता वर पाठवतो. ठरवणारा मी नाही."

बसमध्ये विचार करत आलो. 'नाही' म्हटल्यावर फाईल पुढे सरकायला पाहिजे होती, ती अडकली कशी? म्हणजे त्यांच्याकडे आधीच कोणीतरी कागद पोचवला होता. कोण? टेम्पोपाशी लिफाफे मी सगळ्यांना दाखवले ते दहा तारखेला. पण पोस्टमन शालिकरामचा साडू आहे. त्याला जानेवारीपासून माहीत असणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज माझ्या हातून वाईट झालं.

धनतेरसचा माल भरत होतो. शालिकरामनं सहज हाक मारली, "दादा, क्रेट मोजू का?" माझं डोकं फिरलं. पन्नास माणसांत मी त्याला चुगलखोर म्हणालो. पोरीच्या मुळावर उठला म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

त्यानं क्रेट खाली ठेवला. "दादा, म्या सही केली नाई. भेकड म्हणा, मी ऐकून घेईन. पण चुगली कराले मी कोण्या साहेबाकडे जात नसतो. घरात इचारा आपल्या."

घरी येऊन सत्यभामाला विचारलं. ती दिव्यांच्या वाती करत होती. वाती करतच बोलली.

"फोटो म्या काढून धाडले. गणपती उठल्यावर तिचा फोन आला होता मले. तिनं काम्पुटरवर पायलं होतं सारं. म्हणे, आजी, घरात कागद असतीन पाय. भेटले. मंग तिनंच साहेबाइले लिहून देलं, असं असं हाय, मले मालूम नोतं, आज मालूम झालं. वकील बी पायला तिनं."

"मंग मले काहून नाई सांगतलं कोणी?"

"तिनं मनाई केली. म्हणे, आबाले मी इचारतो. आबाच सांगतीन. मी खोदून काढलं तं त्याइच्या मनात ते दडवलेलंच राहीन." सत्यभामानं वात ताटात ठेवली. "इचारलं ना तिनं तुमाले. दसऱ्याच्या आधीपासून इचारूनच राह्यली."

मी ओसरीवर येऊन बसलो. आता सगळं समजतं. पोरीनं लिहून दिलं होतं की देणं आहे. त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या सख्ख्या आज्यानं सही करून दिलं की नाही. तिचा खरा कागद माझ्या खोट्यासमोर ठेवला असेल त्यांनी, आणि विचार केला असेल की या घरात खरं कोण बोलतं. साहेब चहा पुरवून पुरवून पीत होते ते म्हणून. आणि मी त्यांना सावकाश स्वभावाचे म्हणालो.

२० ऑक्टोबर

शालिकरामकडे गेलो. घरात नव्हता, किंवा होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी तिलाच म्हणालो, त्याला सांगा दादा माफी मागायला आला होता. आतून खोकल्याचा आवाज आला. बाहेर कोणी आलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली. गीतांजली आली नाही. फोन तीनदा लावला, वाजून बंद झाला. गोपाल म्हणतो, "बाबा, तिले थोडा वेळ द्या." त्यांच्या खात्याचं काहीच आलेलं नाही, होकार नाही, नकार नाही. आज हे पत्र लिहून रजिस्टरनं पाठवतो. इथं उतरवून ठेवतो.

चिरंजीव गीतांजलीस, आबाचा आशीर्वाद.

सोबत पाच जणांचे सातबारा आणि लिहून दिलेले कागद आहेत. अकरा पाहिजेत, पाच आहेत. बाकी सहांच्या घरी मी रोज जातो, पण त्यांच्यावर जोर करत नाही, त्यांची भीती खरी आहे. सहावा कागदही माझाच. उशीर का झाला याचं कारण मी माझ्या हातानं लिहिलं आहे, वकिलांकडून लिहून घेतलेलं नाही. त्यात असं लिहिलं आहे की दोन्ही लिफाफे मी घेतले, वाचले, समजले आणि दडवले. समजले नाहीत असं लिहिणार होतो, ते खोडलं.

त्या साहेबांना मी पंधरा तारखेला जाऊन खरं सांगून आलो. तुझ्याआधी त्यांना सांगितलं, तुला नाही, कारण परक्यासमोर लाज कमी वाटते. सहा तारखेला मी अकोल्यात होतो, तुमच्या चौकात. तुला ते कळलं होतं, हे मला आता कळलं.

नोकरी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ती माझ्या सहीनं गेली, तुझ्या नावानं नाही, हे मी कोणालाही कुठंही लिहून द्यायला तयार आहे. पण आज मी नोकरीचं विचारत नाही. तू मला अजून एकही वाकडा शब्द बोलली नाहीस, आणि तेच मला सहन होत नाही. गोपाल गप्प, तुझी आजी गप्प, आणि तूही. तुला जे बोलायचं असेल ते सगळं बोल. मी मध्ये काही म्हणणार नाही. फोनवर नको असेल तर दोन ओळी लिहून पाठव, रागाच्याच पाठव. पोस्टमन रोज अकराच्या सुमारास येतो. मी तेव्हा शेतात जात नाही, दारातच बसतो. पत्र मिळताच कळव, बाई. लवकर कळव.